आम्ल, आम्लारी आणि मी

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि शाळेत चुकून मराठी बोललं की दोन रुपये दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मागे लागलेल्या मैत्रिणीला मी दोनदा नाही म्हटलं होतं. पण गेल्या वर्षी आपल्या होस्टेलमध्ये जे घडलं ते इंग्रजीत लिहायला बसले आणि जमेचना. कारण ते घडलंच मराठीत. प्रश्न मराठीत विचारला गेला होता, आणि त्याचं चुकीचं उत्तरही मी मराठीतच दिलं होतं.

तर मंडळी, ईनोपासून सुरुवात करू.

रविवारी मेसमध्ये फीस्ट असते. पुऱ्या, छोले, वर गुलाबजाम. त्या रात्री दहाच्या पुढे आमच्या मजल्यावर "कुणाकडे ईनो आहे का गं?" ही हाक ठरलेली. पुडी फाडायची, पाण्यात टाकायची, फस्सकन फेस आला की गटागटा प्यायचं. या पुडीत असतो खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबात असतं ते आंबट आम्ल. दोन्ही कोरड्या पुडी. एक आम्ल, दुसरा आम्लारीच्या पार्टीतला. दोघं महिनोन्महिने एकाच पुडीत एकमेकांना खेटून राहतात, पण भांडणाचं नाव नाही! (होस्टेलमधल्या रूममेट्सनी आदर्श घ्यावा.) पाणी पडलं रे पडलं की मात्र जी जुंपते ती जुंपतेच.

कधी विचार केलाय, यांना भांडायला पाणीच का लागतं?

मी केला नव्हता. दहावीला सायन्समध्ये ९८ मार्क होते, तरी केला नव्हता. ॲसिड निळा लिटमस लाल करतं, बेस लाल लिटमस निळा करतो, ॲसिड अधिक बेस बरोबर सॉल्ट अधिक वॉटर. एवढं पाठ असलं की मार्क मिळतात. मिळालेही. आणि त्याच मार्कांच्या जोरावर मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजला कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुंड्यांना गेरू, भिंतींना रंग, आणि बाथरूमची अचानक आठवण! आपलं बोअरचं पाणी जड. नळाभोवती आणि फरशीवर त्याचे पांढरे थर बसतात, ते काढायला ॲसिड. कोपऱ्यातल्या शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर. सफाईच्या मावशी सकाळी सातपासून कामाला लागल्या होत्या. अकराला कमिटी, आणि दोन बाथरूम अजून बाकी. मी बेसिनपाशी दात घासत उभी होते. मावशींच्या एका हातात ॲसिडचा लेबल नसलेला कॅन, दुसऱ्या हातात पावडरचा डबा. त्यांनी मला विचारलं,

"ताई, तुम्ही शिकलेल्या. ह्ये दोन्ही एकदम वतलं तर चालंल का? येळ न्हाई."

मी ब्रश तोंडातून काढून म्हणाले, "चालेल की मावशी."

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं. ब्लीचिंग पावडर चुन्यापासून करतात, म्हणजे बेस. हे ॲसिड. दोन्ही एकत्र आले की न्यूट्रलायझेशन. मीठ आणि पाणी. उलट बरंच आहे की, मावशींच्या हातांना त्रास कमी!

मावशींनी ओतलं. आधी फस्स झालं, पांढऱ्या थरांवर ॲसिड पडलं की होतं तसं. मग पिवळट हिरवी वाफ उठली. वास ओळखीचा होता, स्विमिंग पूलचा, पण कितीतरी पटीने उग्र. माझे डोळे आणि घसा एकदम पेटले आणि मी बाहेर पळाले. हो, मी पळाले. मावशी आतच होत्या, उकिडव्या बसून फरशी घासत. नंतर वाचलं की क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. मी उभी होते, त्या बसल्या होत्या. माझ्या वाट्याला आला त्याहून कितीतरी जास्त त्यांच्या छातीत गेला.

माझी रूममेट धावत आली. तिने श्वास रोखून आत जाऊन मावशींना ओढत बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना मजल्यावरून खाली मैदानात पिटाळलं. मावशी दोन रात्री हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होत्या. तीन आठवड्यांनी कामावर आल्या. खोकला पुढे महिनाभर होता. त्या तीन आठवड्यांचा पगार त्यांना मिळाला का, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परत आल्यावर मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "तुमची काय चूक ताई? ॲसिडच लई कडक होतं." त्यांनी ते मोठ्या मनाने म्हटलं. पण ॲसिड कडक नव्हतं हो मावशी. माझं उत्तर कच्चं होतं.

आता रूममेटविषयी. ती मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. फर्स्ट इयरला तिच्या इंग्रजीला जे हसले त्यात मीही होते. तिचे अण्णा ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात. टाकीत टीसीएल टाकणं हे त्यांचं रोजचं काम, आणि टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडरच. घरात लहानपणापासून एक नियम होता: टीसीएलला ॲसिड दाखवायचं नाही. तिला तो नियम माहीत होता. मला समीकरण माहीत होतं. त्या सकाळी नियम कामाला आला.

पण नियम का आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्या रात्री आम्ही दोघी पुस्तकं घेऊन बसलो. ती म्हणे आम्ल, मी म्हणे ॲसिड. ती म्हणे आम्लारी, मी म्हणे बेस. डिसोसिएशनला तिच्याकडे 'विचरण' असा छान शब्द होता. पीएचला ती 'सामू' म्हणाली तेव्हा मी फस्सकन हसले, मला ते कुणाच्या तरी भावाचं नाव वाटलं! पण अण्णांच्या माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' असंच छापलेलं असतं, आणि कोणतं पीक घ्यायचं, कोणतं खत टाकायचं हे ठरवताना तिथले लोक तो आकडा बघतात. आमच्या घरात पीएच हा शब्द फक्त शांपूच्या बाटलीवर होता.

त्या रात्री जे कळलं ते थोडक्यात सांगते. ज्यांना येतं त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळले तरी चालेल. पण खरंच येतं का, ते एकदा तपासा!

हायड्रोजन क्लोराइड हा कोरडा वायू कोरड्या लिटमसला लावला तर रंग बदलत नाही. ओल्या लिटमसला लावला की लगेच लाल. म्हणजे 'आम्लपणा' हा त्या वायूच्या पोटात भरून ठेवलेला नसतो. तो पाण्याशी गाठ पडल्यावर घडतो. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. पाण्यात शिरल्यावर इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे राहतो आणि उघडा पडलेला प्रोटॉन पाण्याचा रेणू ओढून घेतो. जो पदार्थ पाण्याला असा प्रोटॉन देतो तो आम्ल. जो पाण्याकडून प्रोटॉन काढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड सोडतो, किंवा कॉस्टिक सोड्यासारखा स्वतःच हायड्रॉक्साइड घेऊन येतो, तो आम्लारी. आणि ज्याचा या देवघेवीशी संबंधच नाही, तो उदासीन. नुसता हायड्रोजन असून भागत नाही. साखरेच्या एका रेणूत २२ हायड्रोजन असतात, पण ती पाण्याला एकही देत नाही म्हटलं तरी चालेल. अल्कोहोलच्या सूत्रात ओएच दिसतो, पण तो पाण्यात सुटा होत नाही, म्हणून अल्कोहोल आम्लारी नाही. नाव आणि सूत्र बघून पदार्थाला लेबल लावता येत नाही. पाण्यात तो वागतो कसा, ते बघावं लागतं.

बरं, पाणी स्वतः कोण? हायड्रोजन क्लोराइडसमोर पाणी प्रोटॉन घेतं, म्हणजे आम्लारीसारखं वागतं. अमोनियासमोर तेच पाणी प्रोटॉन देतं, म्हणजे आम्लासारखं. रूममेट म्हणाली, "माहेरी लेक, सासरी सून. बाई एकच!" याहून चांगली व्याख्या मी कुठल्याच गाइडमध्ये वाचलेली नाही. आणि समोर कुणी नसलं तरी पाणी गप्प बसत नाही. त्याचे रेणू आपसातही प्रोटॉनची देवघेव करतात. २५ अंश सेल्सिअसला साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू असा फुटलेला असतो. एका लीटरमध्ये मोलचा एक कोटीवा भाग प्रोटॉन आणि नेमके तेवढेच हायड्रॉक्साइड. सामू ७ तो इथून आला. मला 'उदासीन' म्हणजे उदास, निवांत पडून असलेलं काहीतरी वाटायचं. तसं नाहीये. उदासीन पाण्यातही सतत देवघेव चालू असते, फक्त दोन्ही बाजू बरोबरीत असतात. पाणी तापवलं की फूट वाढते, दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. ६० अंशाला उदासीन पाण्याचा सामू सुमारे ६.५ असतो. म्हणून गीझरचं पाणी आंबट झालं का? नाही. सात हा आकडा देवाने दिलेला नाही, बरोबरी महत्त्वाची.

हे कळल्यावर मला एकदम तो बारावीचा प्रश्न आठवला. हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता दहाचा वजा आठवा घात, तर पीएच किती? घाईत आठ लिहिणारे पुष्कळ. क्लासच्या सरांनी 'ट्रिक क्वेश्चन, उत्तर ६.९८' असं पाठ करून घेतलं होतं. मी बरोबर उत्तर लिहून मार्क घेतले. पण आम्ल पातळ करत गेलो म्हणून ते कधी आम्लारी होईल का, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. आम्लाने दिलेले प्रोटॉन नगण्य झाले की पाण्याचे स्वतःचे मोजावे लागतात, म्हणून सातच्या जरासं खाली. बस, एवढंच होतं ते!

आता चौथी गोष्ट, जिच्यात मी फसले. 'सॉल्ट' म्हणजे क्षार, आणि क्षार म्हणजे निरुपद्रवी, असं मी धरून चालले होते. मीठ खरंच उदासीन असतं, कारण त्यातले सोडियम आणि क्लोराइड पाण्याच्या वाटेला जात नाहीत. पण तुरटी बघा. गावाकडे गढूळ पाण्यात फिरवतात ती. ती क्षारच आहे, तरी तिचं पाणी आम्लधर्मी असतं, कारण तिच्यातलं ॲल्युमिनियम भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना प्रोटॉन सोडायला लावतं. धुण्याचा सोडाही क्षारच, पण त्याचं पाणी आम्लारीधर्मी, कारण कार्बोनेट पाण्याकडून प्रोटॉन घेतं. मेसची भाजी पांढऱ्या कुर्त्यावर सांडली, वर साबण चोळला की हळदीचा डाग लालभडक होतो आणि साबण धुऊन गेला की परत पिवळा होतो. हा प्रयोग होस्टेलमधल्या प्रत्येकीने केलाय. हळद हा आपला घरचा दर्शक आहे. फक्त तो डाग आम्हाला लॅबमध्ये कुणी दाखवला नाही.

ब्लीचिंग पावडरचं असंच आहे. तिच्यातलं हायपोक्लोराइट पाण्याकडून प्रोटॉन घेतं, आणि तिच्यात चुनाही असतो, म्हणून तिचं पाणी आम्लारीधर्मी. तसं असेपर्यंत क्लोरीन त्यात बांधलेला राहतो. त्यावर ॲसिड ओतलं की प्रोटॉनचा पूर येतो. हायपोक्लोराइटचं हायपोक्लोरस आम्ल होतं, आणि ॲसिडमधल्या क्लोराइडशी गाठ पडून क्लोरीन वायू सुटतो. म्हणजे माझं समीकरण खोटं नव्हतं. ते अर्धं होतं. चुन्याचं उदासीनीकरण झालंच असणार. पण हायपोक्लोराइटचं काय होईल, हे त्या समीकरणात कुठे होतं? आणि मी कधी विचारलं होतं?

तुम्ही म्हणाल, मोठमोठे लोकही चुकलेच की. खरंय. अठराव्या शतकात लाव्हाझिएला वाटलं की आम्लपणा एका ठरावीक घटकामुळे येतो, म्हणून त्याने त्या वायूचं नावच 'आम्ल जन्माला घालणारा' या अर्थाचं ठेवलं. तेच नाव, ऑक्सिजन, आजही चालू आहे! १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. १८८४ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने क्षार आणि आम्लं पाण्यात आयनांमध्ये फुटतात असा प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्याला खालचा दर्जा दिला, आणि १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे चक्क बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत, सोरेन्सनने सामूचं माप काढलं. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की आम्ल म्हणजे देणारा, आम्लारी म्हणजे घेणारा. लेबलाकडून वागणुकीकडे यायला मोठमोठ्या डोक्यांना शंभरावर वर्षं लागली. आणि आमच्या नोट्समध्ये ही सगळी धडपड 'तीन व्याख्या लिहा, मार्क तीन' एवढ्यात संपते.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण पदार्थांना लेबलं लावायला शिकतो, घडतं काय ते शिकत नाही. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीला आपल्यातले अर्धे 'फालतू सब्जेक्ट' म्हणतात. "आम्हाला कोडिंग करायचंय, हे कशाला?" मीही कॉम्प्युटरचीच आहे, मीही हेच म्हणायचे. लॅबमध्ये पाण्याचा जडपणा काढताना मागच्या बॅचच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवलं. ज्या बोअरच्या पाण्याचा जडपणा मी खोटा लिहिला, त्याच पाण्याचे थर काढताना मावशी गुदमरल्या. हा योगायोग मला झोपू देत नाही.

दुसरं म्हणणं भाषेचं. मी इंग्रजीच्या विरोधात नाही, माझी रोजीरोटी त्यातच असणार आहे. पण ज्ञान फक्त इंग्रजीत असलं तर ते बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचत नाही. मावशींनी मला विचारलं तेव्हा मला 'न्यूट्रलायझेशन' हा शब्द आठवला आणि त्याच्या वजनानेच मी गप्प झाले. तोच विचार मला मराठीत, त्यांना समजेल असा सांगावा लागला असता, तर कदाचित दुसऱ्याच वाक्याला मी अडखळले असते. जे आपल्याला मावशींना समजावता येत नाही ते आपल्याला येत नाही, असं मी आता मानते. रूममेटच्या मराठी शब्दांना हसणारी मी, तिच्यामुळेच हा धडा शिकले. तिने माझ्याकडून न्यूमेरिकल्स शिकली, मी तिच्याकडून 'विचरण'. व्यवहार फायद्याचा झाला, निदान माझ्या तरी.

कुणी म्हणेल, एवढं रामायण कशाला, 'मिसळू नका' असा बोर्ड लावला की झालं. बोर्ड हवाच. पण नुसता बोर्ड उद्या निळ्या बाटलीतल्या टॉयलेट क्लीनरला पुरणार नाही. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक आम्लच असतं, आणि मावशी म्हणतील, "ह्ये ॲसिड न्हाई, ह्ये क्लीनर हाय." लेबल बदललं, वागणूक तीच. कारण कळलेलं असेल तर माणूस नव्या बाटलीलाही ओळखतो.

म्हणून होस्टेल कमिटीला, रेक्टर मॅडमना आणि केमिस्ट्री डिपार्टमेंटला माझ्या चार विनंत्या.

एक, सफाईच्या खोलीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, दोन रंगांच्या डब्यांत. सगळ्या मावशींना वाचता येतंच असं नाही, रंग सगळ्यांना कळतो. लेबल नसलेला कॅन होस्टेलमध्ये येताच कामा नये.

दोन, मावशींना रबरी हातमोजे आणि गमबूट द्या. कापडी मास्कने क्लोरीन अडत नाही, त्यामुळे मास्क दिला की जबाबदारी संपली असं समजू नका. ज्या दिवशी एका बाथरूममध्ये ॲसिड वापरलं, त्या दिवशी तिथे ब्लीचिंग पावडर नको.

तीन, प्रत्येक मजल्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: "सफाईची कोणतीही दोन औषधं एकत्र करू नका. डोळे चुरचुरले, वास उग्र आला तर सगळं तिथेच सोडून मोकळ्या हवेत जा. डोळे भरपूर पाण्याने धुवा. डॉक्टरांना दाखवा." गेल्या वर्षी आम्ही दोघींनी असा कागद लिहून चिकटवला होता, पण पावसाळ्यात तो ओला होऊन पडला. पत्र्याचा रंगवलेला बोर्ड हवा.

चार, फर्स्ट इयरला एक प्रॅक्टिकल असं ठेवा की ज्याचं रीडिंग उतरवताच येणार नाही. ईनो, तुरटी, धुण्याचा सोडा, मीठ, साखर, हळदीचा कागद. कोण आम्ल, कोण आम्लारी, कोण उदासीन ते प्रत्येकाने करून बघायचं, आणि 'का' ते शेजारच्याला मराठीत समजावून सांगायचं. खर्च शंभर रुपयेही येणार नाही.

उदासीनवरून आठवलं. पाण्याची उदासीनता बरोबरीतून येते. आपली येते 'मला काय त्याचं' यातून. मावशी उघड्या हातांनी ॲसिड ओततात हे आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय, ब्रश तोंडात धरून. दोन्हींना शब्द एकच आहे, पण अर्थात किती फरक!

परवाची गोष्ट. मावशी नवीन फिनेलची बाटली घेऊन आल्या होत्या. वळून पुन्हा मलाच विचारलं, "ताई, ह्याच्यात जरा सोडा टाकला तर चालंल का?" इतकं झाल्यावरही त्यांनी मला विचारलं, याचं मला आश्चर्य वाटलं, आणि लाजही.

मी बाटलीवरचं लेबल वाचलं. त्यात काय काय आहे ते सगळं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, "मावशी, मला माहीत नाही. आज नुसत्या पाण्याने करा. मी विचारून सांगते."

कॉलेजात आल्यापासून मी दिलेलं हे बहुतेक पहिलंच बरोबर उत्तर असावं.